उद्याच्या बैठकीचं इतिवृत्त

आमच्या विद्यापीठात बैठक मंगळवारी होते आणि तिचं इतिवृत्त सोमवारी दुपारीच तयार असतं. ते वऱ्हाडपांडे मॅडम लिहितात. कोण काय बोललं, कुणी शंका काढली, कुणी तिचं निरसन केलं, चर्चेअंती काय ठरलं आणि शेवटी आभार कुणी मानले, सगळं त्यात असतं. मंगळवारी आम्ही फक्त जाऊन ते करून दाखवतो.

मी जयपूरच्या जगतपुऱ्यातल्या या खासगी विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. सुती साडी, चष्म्याला साखळी, हातात दोन्ही बाजूंनी टोक काढलेली पेन्सिल. त्यांनी चार पानं पुढं ठेवली आणि सहीची जागा दाखवली. वाचलं, तर उद्याच्या बैठकीत मी प्रयोगशाळेच्या आधुनिकीकरणाबाबत मौलिक सूचना केल्या होत्या. मी माझ्या इंदुरी हिंदीत म्हटलं, मॅडम, मीटिंग तर उद्या आहे. त्यांनी माझ्या नावाची पाटी वाचली आणि सरळ मराठीवर आल्या.

"म्हणून तर आज सही घेऊन राहिले नं, पाटणकर सर. बैठक झाल्यावर कोण सापडतं?"

मी सही केली.

मॅडम मूळच्या नागपूरच्या. यजमान सैन्यात डॉक्टर. त्यांची बदली जयपूरला झाली तेव्हा त्या इथं आल्या आणि नोकरीला लागल्या. पुढं डॉक्टरसाहेबांच्या आणखी दोन बदल्या झाल्या, पण मॅडम हलल्या नाहीत. निवृत्तीनंतर साहेबच परत आले. वऱ्हाडपांडे हे नाव एका दमात घेणं इथं कुणाला जमत नाही, म्हणून सगळे त्यांना 'पांडेजी' म्हणतात. अर्धा स्टाफ त्यांना बनारसच्या समजतो. ही चूक दुरुस्त करायची त्यांनी कधी तसदी घेतली नाही. रेकॉर्डवर नाव बरोबर आहे, तेवढं त्यांना पुरतं. पदानं त्या उपकुलसचिव, आणि विद्यापीठातल्या झाडून सगळ्या समित्यांच्या सचिव.

माझी पहिली बैठक मला चांगली आठवते. मॅडम चेअरमनसाहेबांच्या डाव्या हाताला बसल्या होत्या आणि इतिवृत्ताची प्रत समोर ठेवून, जो जे बोलेल त्यापुढं बरोबरची खूण करत होत्या. माझी पाळी आली तेव्हा नवखेपणाच्या उत्साहात मी प्रयोगशाळेचं सोडून ग्रंथालयाबद्दल बोलायला लागलो. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, ये आपने नहीं कहा है. पेज दो देखिए." मी पान दोन पाहिलं आणि मुकाट्यानं प्रयोगशाळेवर आलो. खूण झाली.

वाणिज्य विभागाच्या सैनी सरांची तर याहून वाईट गत झाली. 'प्रा. सैनी यांनी घटत्या उपस्थितीबद्दल तीव्र चिंता व्यक्त केली' असं त्यांच्या नावावर होतं, आणि नेमके ते मुलीचं लग्न ठरवून थेट बैठकीला आले होते. त्यांचं हसू काही केल्या आवरेना. मॅडमनी त्यांचा विषय दोनदा मागं ढकलला. शेवटी सैनी सर बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून आले आणि जमेल तेवढी चिंता व्यक्त केली. मॅडमनी पेन्सिल क्षणभर कागदावर धरली, विचार केला आणि खूण केली. 'तीव्र' या शब्दाखाली मात्र बारीकशी रेघ ओढून ठेवली.

एकदा चेअरमनसाहेबांचं विमान धुक्यात अडकलं आणि बैठक रद्द झाली. इतिवृत्त अर्थातच तयार होतं, सह्या झालेल्या होत्या. मॅडमनी ते नेहमीप्रमाणे सगळ्या विभागांना पाठवलं, सगळ्या ठरावांची अंमलबजावणी झाली, आणि त्या वर्षातली सर्वांत फलदायी बैठक म्हणून वार्षिक अहवालात तिचाच उल्लेख झाला. रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक नोकरी सोडून सुरतला गेले, तरी पुढचे सहा महिने आमच्या बैठकांत आभार तेच मानत होते. मॅडमचं म्हणणं, त्यांच्यासारखे आभार दुसऱ्या कुणाला जमत नाहीत.

घरीही त्यांचं हेच चालतं. मी त्यांच्याच सोसायटीत राहतो, त्यामुळे हे मी सांगोवांगी बोलत नाही. त्यांच्या फ्रिजवर आठवड्याच्या जेवणाचा कागद लावलेला असतो आणि त्यात 'चर्चेअंती गुरुवारी दोडक्याची भाजी करण्याचे ठरले' असं लिहिलेलं मी या डोळ्यांनी वाचलं आहे. डॉक्टरसाहेबांना दोडका आवडत नाही. मी विचारलं, चर्चा कधी झाली? साहेबांनी खांदे उडवले. चाळीस वर्षं झाली, एकाही चर्चेला मी हजर नव्हतो, असं ते म्हणाले आणि कुंडीतल्या मोगऱ्याला पाणी घालायला गेले.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ माझ्यामुळे झाला. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात. इंदूरच्या कॉलेजात माझी टोपलीच उचलून बाहेर ठेवली होती. प्राचार्यांना भर सभेत खरं सांगण्याची मला हौस होती. जयपूरची ही नोकरी दोन वर्षांच्या प्रोबेशनवर होती आणि जूनमध्ये मी कायम व्हायचा होतो. बायकोला इथल्या शाळेत नोकरी लागली होती. मुलगी आठवीत, चार वर्षांत तिची ही तिसरी शाळा, आणि इथं तिला पहिल्यांदाच घरी बोलावण्याजोग्या मैत्रिणी मिळाल्या होत्या. बैठकीत तोंड उघडायचं नाही, अशी शपथ बायकोनं मला मुलीच्या डोक्यावर हात ठेवून घ्यायला लावली होती. वऱ्हाडपांडे मॅडमच्या राज्यात ती पाळणं सोपं होतं. जे बोलायचं ते लिहून मिळत होतं.

मग आनंदयंत्र आलं.

चेअरमनसाहेब कुठल्याशा व्यवस्थापन शिबिराला गेले आणि कर्मचाऱ्यांचा आनंद मोजला पाहिजे असं ठरवून परत आले. फाटकापाशी एक पडदा बसला. त्यावर पाच चेहरे: खदखदून हसणाऱ्यापासून ढसाढसा रडणाऱ्यापर्यंत. येताना आणि जाताना आपल्या मनःस्थितीचा चेहरा दाबायचा. महिन्याला विभागवार आनंदाची यादी लागे. आमचा विभाग सतत खालून दुसरा, कारण सकाळी साडेआठला भौतिकशास्त्राचा माणूस खदखदून हसत नाही. विभागप्रमुखांनी गटावर संदेश टाकला की उद्यापासून सर्वांनी पहिलाच चेहरा दाबावा. त्याखाली 'नोटेड सर' असं अठरा जणांनी लिहिलं. फाटकावरचा रखवालदार भला माणूस, तो घाईत असणाऱ्यांच्या वतीनं स्वतःच हसरा चेहरा दाबून टाकायचा. असं सुरळीत चाललं होतं.

आमच्या प्रयोगशाळेत रामकिशोरजी म्हणून मदतनीस आहेत. तारा जोडणं, भिंगं पुसणं, मुलांनी जाळलेली यंत्रं दुरुस्त करणं हे त्यांचं काम. वयानं पन्नाशीचे, अबोल. मार्चमध्ये त्यांची आई गेली. तेराव्यानंतर ते डोक्याचा गोटा घेऊन कामावर आले, फाटकापाशी थांबले, पडद्यावरचा प्रश्न वाचला, 'आज आप कैसा महसूस कर रहे हैं?', आणि सरळ रडणारा चेहरा दाबला. जातानाही तोच. पंधरा दिवस तोच. रखवालदारानं हात पुढं केला तर त्यांनी तो बाजूला केला. महिनाअखेर त्यांना कार्यालयाचं पत्र आलं. 'आपके प्रसन्नता-स्तर में गिरावट पाई गई है. तीन दिन में स्पष्टीकरण दें.' ते पत्र घेऊन ते माझ्याकडे आले. स्पष्टीकरण कसं लिहायचं ते त्यांना कळत नव्हतं. मला तरी कुठं कळत होतं? मी कागद घेऊन बसलो आणि तासभर एक ओळ लिहू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक होती. विषय पहिला: आनंदयंत्राचा आढावा. इतिवृत्तावर मी सोमवारीच न वाचता सही केली होती. त्यात मी योजनेचं मनापासून स्वागत केलं होतं, हे बैठकीत बसल्यावर कळलं. चेअरमनसाहेब खुशीत होते. विद्यापीठाचा आनंद वाढतो आहे असं ते म्हणाले. माझं नाव पुकारलं गेलं. मी उभा राहिलो, पान दोन उघडं होतं, एकच वाक्य वाचायचं होतं.

"सर, उस आदमी की माँ मरी है," मी म्हणालो. "मशीन ने पूछा, तो उसने सच बता दिया. सच नहीं सुनना था, तो पूछा क्यों?"

एवढंच बोललो. एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं. सैनी सर इतिवृत्तात डोकं घालून बसले. मी मॅडमकडे पाहिलं. आता त्या 'ये आपने नहीं कहा है' म्हणतील असं वाटलं, पण त्यांनी पेन्सिल खाली ठेवली होती आणि त्या माझ्याकडे बघत होत्या.

चेअरमनसाहेब ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नाहीत. त्यांनी मॅडमना एवढंच सांगितलं की पाटणकर जे बोलले ते शब्दशः मिनिट्समध्ये घ्या. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. मुलीच्या मैत्रिणींची नावं आठवायला लागलो.

मॅडम म्हणाल्या, सर, मिनिट्स तर झालेत. तुमची सही वरती पहिलीच आहे.

साहेब म्हणाले, बदला.

मॅडमनी फाइलीतून एक परिपत्रक काढलं. सही झालेल्या इतिवृत्तात फेरफार करायचा तर पुढच्या बैठकीत तसा ठराव लागेल. हे परिपत्रक साहेबांनीच काढलं होतं, म्हणजे मॅडमनी लिहिलं होतं आणि साहेबांनी सही केली होती. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग चहा आला.

प्रोबेशनवरच्या माणसाला काढायला काही कारण लागत नाही, हे मला ठाऊक होतं. पण त्याच उन्हाळ्यात विद्यापीठाच्या मूल्यांकनासाठी बाहेरची समिती यायची होती आणि प्रत्येक हालचालीमागं कागद हवा होता. माझी फाइल कायदा सल्लागारांकडे गेली. त्यांनी पुरावा मागितला. पुरावा म्हणून इतिवृत्त गेलं. सल्लागारांनी ते नीट वाचलं (आमच्याकडे इतिवृत्त वाचणारा हा पहिलाच माणूस) आणि अभिप्राय दिला की सदर प्राध्यापकानं योजनेचं मनापासून स्वागत केलेलं असून त्याच्यावर कारवाई करणं अनाकलनीय ठरेल. उलट त्याचं कौतुक व्हावं. मला कौतुकाचं पत्र आलं. जूनमध्ये, संस्थेच्या योजनांना दिलेल्या सक्रिय पाठिंब्याबद्दल, मी कायम झालो. बायकोनं पेढे वाटले. मी का गप्प गप्प आहे ते तिला कळेना, आणि तिला सगळं सांगायला मला ऑगस्ट उजाडला.

यंत्राचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. एका सकाळी दोन माणसं फाटकापाशी स्क्रू काढताना दिसली. पडदा गेला, भिंतीवर चार भोकं उरली. चेअरमनसाहेबांनी विचारलं, कुणी काढायला सांगितलं? मॅडम म्हणाल्या, "सर, आपका ही प्रस्ताव है. पेज चार." त्याच बैठकीच्या इतिवृत्तात पान चारवर, पार्किंग आणि मोकाट कुत्री यांच्या मधोमध, ठराव होता: यंत्राचा उद्देश पूर्णपणे सफल झाल्यानं ते सन्मानपूर्वक निवृत्त करण्यात यावं व तत्संबंधी सर्व पत्रव्यवहार निकाली काढण्यात यावा. सूचक खुद्द चेअरमनसाहेब. अनुमोदक रसायनशास्त्राचे ते सुरतचे प्राध्यापक. एकमतानं मंजूर. खाली आम्हा सगळ्यांच्या सह्या होत्या. रामकिशोरजींना दुसरं पत्र गेलं, की आपलं स्पष्टीकरण समाधानकारक आहे. ते त्यांनी कधी दिलंच नव्हतं.

त्या डिसेंबरात स्टाफची सहल शहराबाहेरच्या कानोता धरणावर गेली. धरणाच्या भिंतीखाली मैदानात रस्सीखेच चालली होती, कारण संघभावना वाढवायची होती. सहलीचं इतिवृत्तही आदल्या दिवशी झालं होतं आणि त्यात सर्वांनी नौकाविहाराचा आनंद लुटला होता. नाव कुठं दिसत नव्हती. मॅडम बाजूला एका दगडावर चिवड्याचा डबा उघडून बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसलो. इतके महिने आभार मानायचे राहिले होते, ते मानले.

"आभार कशाचे? तुम्ही तर काही बोललेच नाही," त्या म्हणाल्या आणि डबा पुढं केला.

मी विचारलं, मॅडम, हे आधी लिहून ठेवायचं तुम्ही कधीपासून सुरू केलं? मला वाटलं, काहीतरी गंमत सांगतील. त्यांनी डबा दगडावर ठेवला.

मग त्यांनी सांगितलं. जयपूरला यायच्या आधी त्या दुसऱ्या गावच्या एका कॉलेजात होत्या. तेव्हा त्यांना लघुलिपी येत असे आणि बैठकीतला शब्दन् शब्द त्या टिपून घेत. तिथं बक्षी सर म्हणून इतिहासाचे प्राध्यापक होते. एकदा ते बैठकीत उभं राहून व्यवस्थापनाला न आवडणारं असं काही बोलले. मॅडमनी ते जसंच्या तसं लिहिलं. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात सुरेख इतिवृत्त तेच. बक्षी सरांनी वाचून सही केली आणि म्हणाले, मॅडम, मी बोललो त्यापेक्षा हे चांगलं वाटतंय. तीन आठवड्यांनी त्यांना काढल्याचं पत्र टाइप करायला मॅडमकडेच आलं. सोबत जोडपत्र म्हणून तेच पान होतं. त्यावर 'खरी प्रत' असा शिक्का मारून खाली सहीही मॅडमनाच करावी लागली.

"जायच्या दिवशी माझ्या टेबलापाशी आले," मॅडम म्हणाल्या. "म्हणाले, तुम्ही बरोबरच लिहिलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं, सर. तेव्हा ठरवलं. माणसं बोलतील, बोलायलाच पाहिजे. पण माझ्या हातून लिहिलं जाऊन कोणी सापडणार नाही."

मैदानात रस्सी तुटली आणि वाणिज्य विभाग एकावर एक पडला. आम्ही दोघांनीही तिकडं पाहिलं नाही. इतकी वर्षं आम्ही सगळे या बाईला हसत होतो. सह्या करत होतो आणि हसत होतो.

"तुमचं मात्र ऐकलं मी त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "पूर्ण ऐकलं." आणि त्यांनी माझी तीन वाक्यं म्हणून दाखवली. जशीच्या तशी, मी मध्ये अडखळलो होतो तिथं अडखळून. मग सैनी सरांचं एक वाक्य, जे ते एकदा कुणाचं लक्ष नसताना बोलून गेले होते. रसायनशास्त्रवाल्यांनी नोकरी सोडताना काढलेले उद्गार. अशी किती माणसं त्यांच्याकडे होती कोण जाणे. कागदावर एकही नव्हतं.

शेवटी, मी न विचारताच, त्यांनी बक्षी सरांचं ते बोलणं सुरुवातीपासून म्हटलं. नागपूरचा हेल पार गेला होता. आवाज खालच्या पट्टीत, सावकाश, एखादा म्हातारा माणूस उभं राहून बोलतो तसा. पाचेक मिनिटं लागली असतील. झाल्यावर त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि कुठं लिहू नका हं, म्हणाल्या.

बक्षी सर काय बोलले, ते मी इथं लिहीत नाही.